पाणीधोरणातील व्यक्तींचा पुढाकार (नाशिक जिल्हा)

सरकारचे पाणीधोरण मंत्रालयात ठरते. पण ते बदलायला लावणारे काम पुष्कळदा एखाद्या गावात दोन-चार माणसांच्या चिकाटीतून सुरू झालेले असते. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या प्रकल्पावर शेतकऱ्यांनी काढलेल्या पाणी वापर संस्थांचे आहे.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर आहे. कालव्याचे टेल, म्हणजे शेवटचे टोक, निफाड तालुक्यातल्या ओझरकडे येते. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले तरी पाणी वरच्या गावांतच संपायचे आणि ओझरच्या चाऱ्या (शेतांकडे जाणारे कालव्याचे फाटे) कोरड्या राहायच्या. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र आणले. 1990 च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन संस्था उभ्या राहिल्या. पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर आकारू नका, पाणी संस्थेला मोजून द्या. आत वाटप आमचे आम्ही करू, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सगळा कस लागतो तो ‘मोजून’ या शब्दाचा. चारीच्या मुखाशी फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजायचा ठरावीक मापाचा अरुंद मार्ग, बसवलेला असतो आणि त्यावर सेंटिमीटरची पट्टी. पाण्याची उंची वाचायची, तक्त्यावरून प्रवाह काढायचा. उंची दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट नव्हे, साधारण 2.8 पट होतो. म्हणून पट्टी वाचताना बोटभर चूक झाली तरी हिशेब चांगलाच फिरतो. संस्थेचा माणूस आणि खात्याचा कर्मचारी यांनी शेजारी उभे राहून केलेली नोंद हाच दोघांमधल्या विश्वासाचा पाया असतो.

मोजलेले पाणी वाचवले तर ते आपलेच, हे कळल्यावर शेतकऱ्यांची डोकी चालू लागली. ओझरच्या संस्थांनी बाणगंगा नदीवरचे बंधारे आपल्या वाट्याच्या पाण्याने भरले, आजूबाजूच्या विहिरींना पाणी आले आणि त्या विहिरींवरही संस्थेने पाणीपट्टी लावली. द्राक्षबागांना हवे तेव्हा पाणी मिळू लागले. पुढे वाघाडवर 24 संस्था झाल्या आणि त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था कारभार पाहू लागली. 2005 साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा राज्याने केला. घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी आणि पीक निवडीचे स्वातंत्र्य या ओझरमध्ये रुळलेल्या गोष्टी त्यात आल्या. अर्थात जमीन कोरी नव्हती: बागलाणात मोसम नदीकाठी सामूहिक सिंचनाची फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिथे पाणी वाटणारे पाटकरी गावेच नेमतात आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, एकच पीक घेतात.

शहरातला मार्ग वेगळा. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध नाशिकच्या नागरिकांनी 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला उपाय सुचवायला सांगितले.

ओझरचा प्रश्न संपूर्ण नदीचा विचार केला की मात्र उलटा होतो. गोदावरीवर नाशिक हेड, म्हणजे वरचे टोक, आहे आणि मराठवाड्यातले जायकवाडी धरण टेल. 2005 च्याच जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या कलमाचा आधार मराठवाड्याने घेतला आणि वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचे आदेश निघाले. गंगापूर, दारणातून पाणी सुटते तेव्हा नाशिकचे शेतकरी रस्त्यावर येतात. त्यांची तक्रार खोटी नाही. पण टेलला आधी पाणी द्या, ही मागणी याच जिल्ह्यातून उठली होती.