काशीफळ, गंगाफळ आणि बटरनट

पहिला बटरनट घरी आला तो पुण्याच्या एका सुपरमार्केटातून, प्लॅस्टिकच्या जाळीत गुंडाळून. वर ‘एक्झॉटिक’ असं लेबल आणि साध्या भोपळ्याच्या चौपट भाव. रंग साबणाच्या वडीसारखा फिका, मान जाड आणि लांब, खाली फुगीर पोट. मी इंटरनेटवर सूपची कृती शोधत होते, तोवर आईने तो विळीवर धरून उभा चिरलाही. आतला केशरी गर आणि पोटातल्या तेवढ्याच भागात चिकटलेल्या बिया बघून म्हणाली, “अगं, हे तर आपलं डांगर! उगाच एवढे पैसे घालवलेस.”

डांगर म्हणजे लाल भोपळा, आणि तिचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. बटरनटचं शास्त्रीय नाव कुकुर्बिटा मोस्काटा, आणि आपल्या मंडईत फोडी करून विकतात त्या लाल भोपळ्यांपैकी बहुतेक याच जातीचे असतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का चंदन’ हा भोपळाही मोस्काटाच. ओळखायची खूण देठात आहे. मोस्काटाचा देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा असतो आणि फळाला जिथे चिकटतो तिथे पायासारखा पसरतो. भोपळ्याची दुसरी जात मॅक्झिमा, तिचा देठ गोलसर आणि बुचासारखा मऊ. पुढच्या वेळी अख्खा भोपळा दिसला तर देठाकडे बघा, भाजीवाला काय नाव सांगतो ते सोडून द्या.

ही सगळी भावकी मूळची अमेरिका खंडांतली. रानटी भोपळा मुठीएवढा आणि कडूजहर होता. हत्तीच्या लांबच्या नात्यातला, आता नामशेष झालेला मास्टोडॉन नावाचा प्राणी तो खायचा. फ्लोरिडात त्याच्या जुन्या शेणात भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. माणसाने गोड वेल निवडून लावायला सुरुवात केली त्याला साधारण दहा हजार वर्षं झाली. मेक्सिकोत वाहाका भागातल्या गुहेत आणि पेरूच्या उत्तर भागात तेवढे जुने अवशेष मिळाले आहेत, आणि पेरूतले मोस्काटाचे आहेत. ‘स्क्वॉश’ हा शब्दही इंग्रजांचा स्वतःचा नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या नॅरागॅन्सेट या मूळनिवासी लोकांच्या ‘आस्कुटास्क्वॉश’चं ते शेपूट आहे.

म्हणजे कोलंबसाआधी आपल्याकडे लाल भोपळा नव्हताच. मग ‘भोपळा’ हा शब्द कुणाचा होता? दुधीच्या कुळाचा. तंबोऱ्याचा भोपळा, पोहायला शिकताना पाठीला बांधायचा भोपळा, साधूच्या हातातला तुंबा, हे सगळे त्या कुळातले. आणि ते कूळ मूळचं आफ्रिकेतलं असलं तरी इथे फार जुनं. दुसरा जुना गडी कोहळा, संस्कृतातला कूष्मांड, ज्याचा बळी नवरात्रात बोकडाऐवजी देतात. मिरची, काजू, अननस पोर्तुगीज जहाजांतून उतरले, त्याच वाटेने लाल भोपळाही आला असं मानतात. नवा पाहुणा आला तेव्हा लोकांनी त्याला नवं नाव शोधलं नाही, घरातलीच जुनी नावं वाटून दिली. कुठे तो ‘लाल’ भोपळा झाला. विदर्भात अनेक घरांत त्यालाच कोहळं म्हणतात आणि त्याची गुळातली बोंडं तळतात.

मला खरी गंमत वाटते ती लाल भोपळ्याच्याच काशीफळ आणि गंगाफळ या नावांची. अमेरिकेतून आलेली भाजी, आणि नाव थेट तीर्थक्षेत्राचं! दिल्लीत तर त्याला सीताफळ म्हणतात. तिथे भाजीवाल्याकडे सीताफळ मागून भोपळ्याची फोड हातात पडलेले मराठी लोक काही कमी नसतील. जपानने उलटं केलं. पोर्तुगीजांनी कंबोडियाहून आणलेला म्हणून त्याचं नाव पडलं ‘काबोचा’. त्यांनी निदान वाटेतलं बंदर तरी लक्षात ठेवलं, आपण थेट गंगाजल शिंपडून मोकळे झालो. अनेक घरांत तो उपासालाही चालतो. बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा यांच्या पंगतीत तो शोभतोच, कारण मुळात ही सगळी मंडळी अमेरिकेचीच.

बटरनट हा या कुळातला अगदी अलीकडचा पोरगा. गोष्ट १९४० च्या दशकातली, अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या स्टो नावाच्या गावातली. चार्ल्स लेगेट हा काही शेतीशास्त्रज्ञ नव्हता. विमा व्यवसायातला माणूस, जमीन हाताशी होती म्हणून लागवडीत शिरलेला. तिथल्या बाजारात तेव्हा दोन अडचणीचे भोपळे होते. एक हबर्ड, म्हणजे अवजड धोंडा, कवच इतकं टणक की फोडायला कुऱ्हाड लागावी. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणजे काय ते तिथे कळलं असतं. दुसरा क्रुकनेक, चवीला चांगला पण मान हंसासारखी वाकडी, त्यामुळे पेटीत नीट बसत नाही आणि वाहतुकीत मोडतो. लेगेटला सरळ मानेचा, आटोपशीर, सोलायला सोपा भोपळा हवा होता. तो मिळाल्यावर वॉल्थमच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवायला घेऊन गेला. लोण्यासारखा (बटर) मऊ आणि अक्रोड-बदामासारखा (नट) गोड, म्हणून नाव बटरनट.

त्याने हबर्ड आणि क्रुकनेकचा संकर केला असं सांगतात. ते मला पटत नाही. हबर्ड मॅक्झिमा आहे, क्रुकनेक मोस्काटा, आणि या दोन जातींचं लग्न सहजासहजी टिकत नाही. क्रुकनेकच्याच वेलाला अधूनमधून सरळ मानेचं फळ धरायचं आणि लेगेटने तेच निवडून जपलं, हे जास्त संभवतं. पुरावाही बटरनटनेच दिला. सुरुवातीच्या बटरनटच्या वेलांना मध्येच वाकड्या मानेची फळं लागत, जुनं रक्त उसळी मारल्यासारखी. ती खोड घालवायला वॉल्थमच्याच रॉबर्ट यंग यांनी निवड करत करत ‘वॉल्थम बटरनट’ हे वाण स्थिर केलं, आणि १९७० मध्ये त्याला उत्तम नव्या वाणांना दिला जाणारा ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा मान मिळाला. आज जगभर विकला जातो तो बहुतांशी याच वळणाचा.

आमच्या घरात सूप झालंच नाही. मानेचा भाग भरीव असतो, एकही बी नाही, म्हणून आईने त्याच्या फोडी केल्या: मेथीदाण्याची फोडणी, सुक्या मिरच्या, किसलेलं सुकं खोबरं, जरासा गूळ. साल इतकी पातळ की सोललीच नाही. पोटाकडचा भाग वाफवून दह्यातलं भरीत, वर तूप-जिऱ्याची फोडणी आणि दाण्याचं कूट. पुढच्या वेळी घारगे केले तेव्हा फरक कळला: डांगराला पाणी सुटतं, तसं याला सुटत नाही. नेहमीच्या अंदाजाने कणीक घातली तर घारगे दडदडीत होतात. कणीक कमी घालायची आणि गर आधी चमचाभर तुपावर परतून घ्यायचा.

बिया आईने धुऊन वाळवल्या आणि मावशीने त्या गावाला नेऊन परड्यात डांगराच्या वेलाशेजारी टोचल्या. पहिल्या वर्षी बरेचसे बटरनटसारखेच भोपळे आले, तिने त्यांतलंच बी ठेवलं. एकाच जातीचे दोन वेल शेजारी आणि मधमाश्यांना कोण अडवणार? दुसऱ्या वर्षी जे फळ धरलं त्याला मान होती, पण आखूड. अंगावर डांगराच्या फाका आणि रंग हिरवट तांबूस. मावशीने फोनवर त्याचा फोटो पाठवून विचारलं, “याला आता काय म्हणायचं गं?” मागून काकांचा आवाज आला, “काशीफळच म्हण. चवीला तसंच आहे.”