पद्मिनीला डिस्क ब्रेक: दुर्लक्षित राहिलेल्या ब्रेक पाइपची पार्श्वभूमी

१९६६ साली इटलीत फियाट ११०० आर बाजारात आली, तेव्हा तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन पॅडांमध्ये दाबणारे. तिच्या आधीची ११०० डी १९६४पासून आपल्याकडे प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात बनत होती. १९७४च्या सुमारास तिचं नाव पद्मिनी झालं, पुढे ती मुंबईची काळीपिवळी म्हणून ओळखली गेली. ब्रेक मात्र ड्रमचेच राहिले, म्हणजे चाकातल्या गोल भांड्याला आतून शू भिडवणारे. ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची हटली. आता ती जपणारे जे काही बदल करतात, त्यात पुढच्या चाकांना डिस्क बसवणं बहुधा आधी येतं. डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लोक मन लावून शोधतात. ब्रेकचं तेल चाकांपर्यंत नेणारा पाइप मात्र जुनाच राहतो, किंवा मिस्त्री जो देईल तो लागतो. मला याचीच काळजी वाटते.

आधी मोटारींचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी पेडलचा जोर तेलाच्या दाबाने चाकांपर्यंत नेला आणि १९२१च्या ड्यूझनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. सुरुवातीला तेल अडवणारे सील चामड्याचे होते आणि गळत. १९२४मध्ये क्रायसलरच्या इंजिनिअरांनी रबराचे सील वापरले, तेव्हा ही पद्धत साध्या गाडीपर्यंत पोचली. पाइपसाठी पोलादी पत्रा दोनदा गुंडाळून तांब्याने झाळलेली नळी रूढ झाली. तिला बंडी ट्यूब म्हणतात. दाब ती उत्तम सोसते, पण बाहेरून गंजते. कोकणातला पाऊस आणि खारी हवा खाल्लेल्या जुन्या गाडीचा पाइप क्लिपखाली नखाने खरवडून पाहावा. गंज तिथेच लपलेला असतो.

डिस्कची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२मध्येच पेटंट घेतलं होतं. लोकांचा विश्वास बसला तो १९५३मध्ये डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वारने ल मॉंची शर्यत जिंकली तेव्हा. १९५५ची सित्रोएन डीएस आणि पुढच्या वर्षीची ट्रायम्फ टीआर ३ यांनी डिस्क रोजच्या रस्त्यावर आणली.

पाइपचा प्रश्न इथेच सुरू होतो. ड्रममध्ये फिरत्या चाकामुळे पुढचा शू आपणहून ड्रमला आणखी घट्ट भिडतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, त्यामुळे त्याच थांबण्यासाठी तेलाचा दाब जास्त लागतो, आणि म्हणूनच बहुतेकदा पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही. कॅलिपरचा पिस्टन मोठा, म्हणून तेलही जास्त सरकतं. ड्रमच्या दाबावर वीस-तीस वर्षं काढलेली नळी आणि रबरी होज (चाकाजवळचा लवचिक तुकडा) एका दिवसात वेगळ्या कामाला जुंपली जाते. म्हणून डिस्कबरोबर पाइप आणि होज दोन्ही नवेच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

नवा पाइप कोणता? निव्वळ तांब्याची नळी हाताने वाकते, फ्लेअरही (जोडासाठी पसरवलेलं नळीचं टोक) सुरेख होतो, म्हणून तिचा मोह होतो. पण थरथरीने तांबं कडक होतं आणि पुढे तडकतं. ब्रेकला ते लावू नये. स्टेनलेस गंजत नाही, पण इतकं कडक की साध्या हत्याराने त्याचा दुहेरी फ्लेअर नीट बसत नाही. यातला मधला मार्ग स्वीडनने दाखवला: गंजाला कंटाळून व्होल्वोने १९७६पासून तांबं-निकेलचा पाइप घेतला. त्यात साधारण १० टक्के निकेल आणि थोडं लोखंड असतं. तो तांब्याइतका नाही, तरी सहज वाकतो आणि मिठाला दाद देत नाही. पद्मिनीसाठी मी हाच घेईन, ३/१६ इंचाचा.

चाकाजवळच्या होजसाठी टेफ्लॉनवर स्टीलची जाळी विणलेला प्रकार शर्यतींतून आला. तो दाबाने फुगत नाही, पेडल कडक लागतं. रोजच्या गाडीला चांगल्या कंपनीचा नवा रबरी होजही पुरतो. फक्त स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तो कुठे घासत किंवा ताणला जात नाही ना, हे पाहायलाच हवं.

खरा धोका जोडावर असतो. दुसऱ्या गाडीचे भाग जोडताना दोन घराणी एकत्र येतात. एक इंचातलं, दुहेरी फ्लेअरचं. दुसरं मिलिमीटरमधलं, बुडबुड्यासारख्या फ्लेअरचं. ३/८ इंचाचं नट १० मिलिमीटरच्या भोकात ढिलं का होईना, जातं आणि आवळल्यासारखं वाटतं. दाब आला की आटे सुटतात. नट शंभर टक्के जुळल्याशिवाय पाना लावू नये, आणि दोन प्रकारचे फ्लेअर एकमेकांत कधीही बसवू नयेत.

जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा भाग) ड्रमसाठी थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो डिस्कच्या वाटेवर राहिला तर पॅड घासत राहतात, म्हणून पुढची वाट त्यातून मोकळी करावी लागते. मागच्या ड्रमना तो हवाच. पाइपमधली हवा काढून झाली की इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरावं, आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवावा. त्यावर तेलाचा डाग उमटला, तर तो जोड गळतोय.