अळीच्या पोटातला सोडा

2025 साली भारत-अमेरिका व्यापार वाटाघाटींत मका अडून बसला. अमेरिकेला तो इथे विकायचा आहे, पण तिथला बहुतेक मका जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेला आहे आणि असा मका पिकवायला किंवा आणायला आपल्याकडे परवानगी नाही. बातमीपाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीचा प्रश्न फिरू लागला : ज्या मक्याचं पान खाऊन किडा मरतो, तो मका माणसाने खाल्ला तर काय होईल?

हा प्रश्न अडाणी मुळीच नाही, आणि त्याचं उत्तर जीवशास्त्रातल्या सर्वात देखण्या यंत्रणांपैकी एका यंत्रणेत दडलेलं आहे. मात्र याच फॉरवर्डांमध्ये पुढच्या ओळीला मक्यात विंचवाचं विष घातलेलं असतं आणि त्यावर उतारा म्हणून कुठलासा काढाही सुचवलेला असतो, तो भाग सोडून देऊ. बाजारात आलेल्या कुठल्याही मक्यात विंचवाचं काही नाही. आहे ते मातीतल्या एका जिवाणूचं जनुक.

हा जिवाणू पहिल्यांदा सापडला तो रेशीमवाल्यांची डोकेदुखी म्हणून. जपानमध्ये रेशमाच्या अळ्या पटापट माना टाकत होत्या, त्याचं कारण शोधताना 1901 मध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मिळाला. दहा वर्षांनी जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तोच जिवाणू पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळीत दिसला. ती अळी जिथून आली होती त्या थुरिंजिया प्रांतावरून जिवाणूचं नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच आपल्या कापूसवाल्यांच्या तोंडी रुळलेलं ‘बीटी’. 1938 मध्ये फ्रान्समध्ये त्याची भुकटी कीटकनाशक म्हणून विकायलाही आली. आजही सेंद्रिय शेतीत बीटीची फवारणी चालते. जीएम पिकाच्या नावाने बोटं मोडणारे आणि बीटीची भुकटी विश्वासाने फवारणारे पुष्कळदा एकच असतात. दोन्हींत अळी मारणारं प्रथिन एकाच घराण्यातलं असतं, एवढं तरी त्यांनी लक्षात घ्यावं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

उपासमार सुरू झाली की हा जिवाणू बीजाणू तयार करतो आणि त्याच्या शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक रचतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो तळाला तळ चिकटवलेल्या दोन पिरॅमिडांसारखा दिसतो. या प्रथिनाला क्राय म्हणतात; त्याचे बरेच प्रकार आहेत. स्फटिकात ते निष्क्रिय असतं, साध्या पाण्यात विरघळतही नाही. ते विरघळायला चांगलंच अल्कधर्मी वातावरण लागतं आणि तसं वातावरण पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांच्या मधल्या आतड्यात तयारच असतं. आपल्या जठरातला पीएच दोनच्या आसपास, म्हणजे जळजळीत आम्ल. अळीच्या आतड्यात तो दहाच्या घरात जातो. धुण्याच्या सोड्याचं पाणी डोळ्यांपुढे आणा.

अळी पोटात सोडा का बाळगते? पानांमध्ये टॅनिनसारखी रसायनं असतात, ती प्रथिनांना चिकटून पचनाचा बोजवारा उडवतात. अल्कधर्मी रसात ती फारशी चिकटत नाहीत. त्यासाठी अळीच्या आतड्याच्या अस्तरातल्या खास पेशी अहोरात्र ऊर्जा खर्चून पोटॅशियमचे आयन आतड्याच्या पोकळीत ढकलत असतात. पोकळीत पोटॅशियम जास्त, पेशीत कमी, असा उतार तयार होतो आणि त्या उताराच्या जोरावर अन्नातली अमिनो आम्लं पेशींत ओढली जातात. अळीचं खाणं, वाढणं, सगळा जीव या उतारावर टिकून असतो.

क्राय प्रथिन नेमकं तिथेच घाव घालतं. सोड्याच्या रसात स्फटिक विरघळतो. अळीचीच पाचक विकरं त्या लांबलचक प्रथिनाची टोकं छाटतात आणि साधारण अर्ध्या आकाराचा, कामाला तयार तुकडा उरतो. या तुकड्याचे तीन भाग असतात. त्यांतला एक अस्तराच्या पेशींवरच्या ठराविक ग्राहक-प्रथिनांना (रिसेप्टर) धरतो. कॅडहेरिन हे त्यांतलं सर्वात अभ्यासलेलं. दुसऱ्या भागात सात सर्पिल दांड्यांची जुडी असते. पकड बसली की असे काही रेणू एकत्र येतात, त्यांच्या दांड्या पेशीच्या पटलात घुसतात आणि पटलाला आरपार भोक पडतं. मग इतक्या कष्टाने बांधलेला उतार कोसळतो. आयन आत धावतात, त्यांच्यामागे पाणी शिरतं, पेशी फुगून फुटतात. अळी तासाभरातच खाणं थांबवते, पण मरायला तिला एक-दोन दिवस लागतात. आतड्याची भिंत फाटली की आतले जिवाणू शरीरभर पसरतात आणि मेलेल्या अळीच्या शरीरात बीटीच्या बीजाणूंना आयतं जेवण मिळतं.

माणसाच्या बाबतीत यातली एकेक पायरी निसटते. जठरात आम्ल असतं, आपलं पेप्सिन क्राय1एबीसारख्या प्रथिनाचे झटपट तुकडे पाडतं, आणि आपल्या आतड्याच्या पेशींवर त्याला धरायला ग्राहकच नसतात. कंपन्यांची जाहिरात सांगत नाही अशी एक गोष्ट मात्र इथे नोंदवायला हवी. मक्याच्या बऱ्याच वाणांत जिवाणूचं पूर्ण जनुक नसून छाटलेलं जनुक घातलेलं असतं. म्हणजे विरघळणं आणि छाटणं या पहिल्या दोन अटी मक्यातच जवळजवळ पूर्ण झालेल्या असतात. उरते ग्राहकाची अट आणि आपलं पचन. त्या दोन पुरेशा आहेत, पण ‘अल्कधर्मी पोट नाही म्हणून धोका नाही’ हे ठोकळेबाज वाक्य मक्याला जसंच्या तसं लागू होत नाही.

क्राय प्रथिनाचं जनुक वेगळं काढून दुसऱ्या जिवाणूत चालवण्याचं काम वॉशिंग्टन विद्यापीठात श्नेफ आणि व्हाइटली यांनी 1981 मध्ये केलं. बेल्जियममधल्या घेंटच्या प्लांट जेनेटिक सिस्टिम्सने 1987 मध्ये ते तंबाखूत घातल्याचं जाहीर केलं. मका मात्र दाद देत नव्हता. एक तर वनस्पतीत जनुक पोहोचवणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू मक्यासारख्या एकदल पिकाकडे फिरकत नव्हता. त्यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन सॅनफर्ड यांनी सरळ बंदूक काढली. धातूच्या सूक्ष्म कणांना डीएनएचा लेप द्यायचा आणि ते वेगाने पेशींवर झाडायचे. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी कांद्याच्या पेशींवर नेम धरला होता. दुसरी अडचण बारकी होती. जिवाणूच्या जनुकात डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी जास्त, मक्याला जी आणि सी पसंत. एकाच अमिनो आम्लासाठी अनेक कोडॉन, म्हणजे तीन अक्षरी शब्द, असतात, त्यांतले मक्याला रुचणारे कोडॉन निवडून सगळं जनुक नव्याने लिहावं लागलं. शिवाय ए-टीने भरलेल्या मजकुरात वनस्पतीची पेशी संदेशवाहक आरएनए चुकीच्या जागी संपवते, तीही ठिकाणं पुसावी लागली. प्रथिन तेच राहिलं, पण त्याचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. पुढे जनुकाआधी कोणता प्रवर्तक लावायचा, हिरव्या भागात चालणारा की परागकणांत चालणारा, हा प्रश्न आला. सिबा-गायगीच्या इव्हेंट 176 या वाणात दोन्ही लावले, त्याचे परिणाम पुढे दिसले.

एवढा खटाटोप ज्या किड्यासाठी झाला, तो युरोपियन कॉर्न बोरर हा खोडकिडा अमेरिकेत आढळला 1917 च्या सुमारास, बॉस्टनजवळ. मादी पानाच्या मागे अंडी घालते, अळ्या थोडे दिवस पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीत, खातात आणि मग खोडात शिरतात. एकदा आत शिरल्या की वरून फवारलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. खोडातच प्रथिन असणारा मका म्हणूनच शेतकऱ्याला पटला. इव्हेंट 176 ला अमेरिकेत ऑगस्ट 1995 मध्ये मान्यता मिळाली, 1996 मध्ये तो शेतात आला. पाठोपाठ मोन्सँटोचा मॉन 810 ‘यील्डगार्ड’ नावाने आला. आज अमेरिकेच्या मक्याच्या क्षेत्रात चार पंचमांशाहून जास्त मका बीटी आहे.

वाटेत दोनदा ठेच लागली. 1999 मध्ये कॉर्नेलच्या जॉन लोसी यांनी प्रयोगशाळेत बीटी मक्याचे परागकण शिंपडलेली पानं मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांना घातली, त्यांतल्या बऱ्याच मेल्या. 2001 च्या सविस्तर शेत-अभ्यासांत बहुतेक वाणांचा धोका नगण्य निघाला. अपवाद होता इव्हेंट 176, कारण त्याच्या परागकणांत प्रथिन भरपूर होतं. तो वाण बाजारातून गेला. दुसरं प्रकरण स्टारलिंक या बीटी मक्याचं. त्यातलं क्राय9सी प्रथिन पोटात सावकाश पचतं, त्यामुळे अ‍ॅलर्जीची शंका राहिली आणि 1998 मध्ये फक्त पशुखाद्य आणि औद्योगिक वापरासाठी परवानगी मिळाली. 2000 मध्ये ते दुकानातल्या टाको शेल्समध्ये, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पोळ्यांत, सापडलं. हे वाण एकूण मका-क्षेत्राच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी जागेवर होतं, तरी ते धान्यात सगळीकडे मिसळलं. तक्रारी करणाऱ्यांच्या रक्ताच्या तपासणीत क्राय9सीच्या अ‍ॅलर्जीचा पुरावा मिळाला नाही. पण मका गुरांचा आणि माणसांचा असा वेगळा ठेवता येईल, हे गृहीतच मुळात पोकळ होतं. तिथे प्रथिनापेक्षा नियामक जास्त चुकले असं माझं मत आहे.

आपल्या पोटाबद्दलचा वाद मला म्हणूनच थोडा बाजूचा वाटतो. खरी लढाई अळीच्या उत्क्रांतीशी आहे. लाखो एकरांवर एकच प्रथिन असेल, तर ज्या एखाद्या अळीचा ग्राहक किंचित बदललेला आहे तिचीच प्रजा माजणार. यावर तोड अशी काढली की मक्यात मारक मात्रा प्रचंड ठेवायची, साध्या अळीला लागते तिच्या 25 पट, आणि शेजारी काही भाग बिगर-बीटी मका लावायचा. अमेरिकेच्या मका-पट्ट्यात तो 20 टक्के असे. तिथे साधे पतंग सुखाने वाढतात. दुर्मीळ प्रतिकारक्षम पतंगाचा जोडा त्यांच्याशी जमतो आणि प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत मिळालेली पिल्लं प्रचंड मात्रेपुढे टिकत नाहीत. थोडक्यात, पीक वाचवायचं तर काही किडे पोसायचे.

खोडकिड्याच्या बाबतीत हे अमेरिकेत विलक्षण जमलं. 2010 मधल्या एका अभ्यासानुसार मका-पट्ट्यातल्या पाच राज्यांत 14 वर्षांत सुमारे 6.9 अब्ज डॉलरचा फायदा झाला, त्यातला 4.3 अब्जांचा वाटा बीटी न लावणाऱ्यांच्या पदरात पडला, कारण खोडकिडाच मुळात कमी झाला. मुळं खाणाऱ्या रूटवर्म भुंगेऱ्यासाठी 2003 मध्ये आलेल्या मक्यात मात्र मात्रा तेवढी प्रचंड नव्हती. 2009 मध्येच आयोवातल्या काही शेतांत मुळं कुरतडलेली दिसली आणि तिथले भुंगेरे प्रतिकारक्षम असल्याचं 2011 मध्ये अ‍ॅरन गॅसमन यांच्या गटाने दाखवलं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला हे नवं नाही. 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर पूर्वी मिळणारं 120 ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट किती जणांनी पेरलं आणि कितींनी बांधावर टाकून दिलं, हे गावात कुणालाही विचारा. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने जो हिशेब चुकता केला, त्यात या पाकिटांचाही वाटा होता.

2018 मध्ये भारतात आलेली लष्करी अळी आता आपल्या मक्याच्या पोंग्यात ठाण मांडून आहे, त्यामुळे बीटी मक्याची मागणी इथेही पुन्हा पुन्हा होणार. अशा वेळी विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा : तुमच्या वाणात प्रथिन कोणतं? कारण याच अळीने पोर्तो रिकोत क्राय1एफ या प्रथिनावर 2006 पर्यंत मात केली होती आणि कंपन्यांना तिथली विक्री थांबवावी लागली. व्हिप3ए हे त्याच जिवाणूचं दुसरं प्रथिन. ते स्फटिकात नसतं आणि आतड्यात त्याची पकड वेगळ्या ग्राहकावर बसते, म्हणून क्रायला सरावलेली अळी त्याला सहसा बळी पडते. फक्त तेच एक सगळीकडे पेरलं, तर त्याच्याही वाट्याला क्राय1एफचंच नशीब येईल.