रेघेपलीकडचा चेंडू

शालेय फुटबॉल स्पर्धांचे दिवस आले की सोलापुरातल्या मैदानांवर फक्की पडते. पाऊस झाला तर ती काळ्या मातीत मुरते, नाही झाला तर मुलांच्या बुटांखाली पसरते. चार बोटांची रेघ दुसऱ्या हाफपर्यंत वीतभर होऊन बसते. मग "सर, बॉल बाहेर गेला होता!" हे ठरलेलंच. लाइनमन म्हणून झेंडा हातात घेतला तेव्हापासून मी ते ऐकत आलोय. ११ जून २०२४ च्या रात्री मात्र हेच वाक्य मी स्वतः टीव्हीसमोर ओरडलो.

दोह्यात विश्वचषक पात्रता फेरीचा सामना होता, भारत विरुद्ध कतार. सुनील छेत्री निवृत्त झाल्यानंतरचा आपला पहिलाच सामना. ३७व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेनं गोल केला होता आणि ही आघाडी टिकली असती तर आपण तिसऱ्या फेरीत जात होतो. ७३व्या मिनिटाला फ्री किकवर कतारच्या युसुफ आयमेनचं हेडर आपला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूनं अडवलं. चेंडू खांबाशेजारून घरंगळत रेषेबाहेर गेला. आता कॉर्नर, असं समजून आपली पोरं थांबली. तेवढ्यात कतारच्या खेळाडूनं बाहेरचा चेंडू पायानं आत ओढला आणि आयमेननं तो जाळ्यात ढकलला. कोरियाचे रेफरी किम वू-सुंग यांनी गोल कायम ठेवला. ८५व्या मिनिटाला कतारनं दुसराही केला. सामना १-२ असा गेला.

चेंडू बाहेर कधी धरायचा, याचा नियम ऐकायला सोपा आहे: संपूर्ण चेंडूनं संपूर्ण रेघ ओलांडायला हवी. पण चेंडू गोल असतो, सगळी अडचण तिथेच आहे. त्याचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२. तो जमिनीला टेकतो ती जागा रेघेपलीकडे दहा सेंटिमीटर गेली, मध्ये माती स्पष्ट दिसली, तरी वरचा फुगीर भाग रेघेच्या कडेवर असतो. तो चेंडू खेळातच आहे. मी मुलांना रेघेवर चेंडू ठेवून आधी बाजूनं बघायला लावतो, मग वरून. बाजूनं बघताना सगळे "बाहेर" म्हणतात, वरून बघताना गप्प होतात.

दोह्यातल्या गोलाच्या दीड वर्ष आधी, १ डिसेंबर २०२२ ला, कतारमध्येच विश्वचषकात हाच प्रश्न आला होता. स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमानं रेषेवरून चेंडू मागे वळवला, तानाकानं गोल केला. टीव्हीवर चेंडू बाहेर वाटत होता. व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफरीनं, तपासलं तेव्हा केसभर भाग रेघेवर निघाला. गोल मिळाला, जपान २-१ नं जिंकलं आणि त्याच गटातली जर्मनी स्पर्धेबाहेर गेली. तो निर्णय मला आजही पूर्ण बरोबर वाटतो.

या वादाचं मूळ ३० जुलै १९६६ च्या वेम्ब्लीवरच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आहे. इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी २-२, जादा वेळ सुरू. इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागून सरळ खाली आला आणि बाहेर उडाला. स्विस रेफरी गॉटफ्रिड डीन्स्ट यांना काही कळलं नाही. ते अझरबैजानमधले लाइनमन तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले, त्यांनी होकारार्थी मान हलवली, गोल झाला. बहरामोव्ह गोलरेषेच्या सरळ रेषेत उभे नव्हते. झेंडा धरणाऱ्याला विचारा, दोन पावलं इकडेतिकडे झाली तरी नजर किती फसते! इंग्लंड ४-२ नं जिंकलं. अझरबैजाननं बाकूतल्या स्टेडियमला बहरामोव्ह यांचंच नाव दिलं. जर्मन माणूस मात्र तो गोल अजून मान्य करत नाही.

माराडोनानं १९८६ मध्ये आणि थिएरी ऑन्रीनं २००९ मध्ये चेंडूला हात लावून साधलेले गोल सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण ती लपवाछपवी होती. रेघेचा प्रश्न वेगळा. तिथे कुणी फसवलेलं नसतं, तरी एकावर अन्याय होतो.

मार्च २०१० मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळानं गोलरेषेवरचं तंत्रज्ञान नाकारलं. चार महिन्यांच्या आतच, २७ जूनला, दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका दांड्याला लागून रेषेच्या चांगला आत पडला. यात केसभराचा प्रश्नच नव्हता, घरी बसलेल्या प्रत्येकाला तो दिसला. उरुग्वेचे रेफरी होर्हे लारिओंडा यांनी गोल दिला नाही आणि इंग्लंड जर्मनीकडून १-४ हरलं. फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांना माफी मागावी लागली. जुलै २०१२ मध्ये त्याच मंडळानं तंत्रज्ञान मंजूर केलं. २०१४ च्या विश्वचषकात प्रत्येक गोलवर सात कॅमेरे आले आणि रेफरीच्या मनगटावरच्या घड्याळात निकाल दिसू लागला. २०१८ ला व्हीएआर आलं.

भारताच्या फुटबॉल महासंघानं दोह्याच्या गोलाबद्दल तक्रार केली, चौकशी मागितली. निकाल बदलला नाही. त्या रात्री मैदानावर व्हीएआर नव्हतं, कारण आशियाई पात्रता स्पर्धेत दुसऱ्या फेरीला ते वापरतच नव्हते. तिसऱ्या फेरीपासून होतं.