शिंपल्याच्या खिडकीपलीकडे कोण?

फोंड्याजवळ आमच्या आजोळी खिडक्यांना काच नव्हती. लाकडी पट्ट्यांत शिंपले बसवलेले. चवथीला पाहुणे आले की पलीकडे सावली हलायची. कोण ते दार उघडल्यावरच कळे. एक शिंपला गळून पडला होता. त्या भोकाला डोळा लावायला आम्हा पोरांची भांडणं, कारण तेवढ्यातून अख्खं अंगण दिसे.

शिंपला उजेड गिळत नाही फारसा; विस्कटतो. कॅमेऱ्याचं दुखणं वेगळंच. उजेड किती आला हे तो मोजतो, पण उजेडाची लाट त्या क्षणी चढावर होती की उतारावर, म्हणजे तिची कला, त्याला टिपता येत नाही. दृश्य प्रकाश सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी वेळा हेलकावतो. एवढा चपळ सेन्सर आणायचा कुठून? वस्तूची खोली तर त्या कलेतच दडलेली. म्हणून फोटो सपाट.

रायबंदरच्या फेरी धक्क्यावर पाहा. दोन बोटींच्या लाटा एकमेकींत शिरल्या की पाण्यावर जाळी उमटते, आणि कुठली लाट कुठे चढावर आहे त्यावर तिची नक्षी ठरते. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांना १९४७मध्ये सुचलं ते हेच: वस्तूवरून आलेल्या प्रकाशात तसाच दुसरा झोत मिसळायचा आणि जाळी फिल्मवर किंवा काचेच्या प्लेटवर छापायची. हाच होलोग्राम. लेसर, म्हणजे एका तालात हेलकावणारा झोत, १९६०मध्ये आला, तेव्हा कुठे होलोग्रामचे दिवस पालटले. गॅबर यांना नोबेल मिळायला १९७१ उजाडलं. जाळी इतकी बारीक की छापताना टेबल केसाच्या शंभराव्या भागाएवढं हललं तरी सगळं मुसळ केरात. प्लेट फुटली, तर मात्र प्रत्येक तुकड्यातून पूर्ण देखावा दिसतो, आमच्या त्या भोकातून अंगण दिसायचं तसा.

मला खरी गंमत वाटते ती २००७च्या प्रयोगाची. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात वेलेकूप आणि मॉस्क यांनी लेसरच्या झोताच्या तुकड्यातुकड्याची कला आधीच मागेपुढे केली, आणि पांढऱ्या रंगाच्या अपारदर्शक थरापलीकडे प्रकाश एका ठिपक्यात गोळा झाला, हजारपट प्रखर! अंड्याच्या कवचातूनही जमलं. विस्कटलेला उजेड हरवलेला नसतो, नुसता गुंतलेला असतो.

जाड गाभ्याच्या ऑप्टिकल फायबरमध्येही हाच गुंता होतो. तो आधी मोजून ठेवला, तर केसाएवढ्या तंतूतून चित्र पलीकडे नेता येतं. तंतू वाकला की मोजमाप पुन्हा पहिल्यापासून.

शिंपल्यालाही तोच नियम. आणि आजोळच्या खिडक्या तर पावसाळी वाऱ्यात सारख्या खडखडायच्या.