थॅलेसेमिया: थेट जीन टेस्ट का करत नाही?

"जीन टेस्टच करून टाका, एकदाचं काय ते कळेल," असं थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) तपासणीला आलेल्यांकडून आमच्या लॅबच्या काउंटरवर नेहमी ऐकू येतं. आम्ही मात्र आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) यांचा रिपोर्ट मागतो. काहींना तो वेळकाढूपणा वाटतो. पण महागडी टेस्ट लांबवून नुकसान आमचंच होतं, हेही बघा.

तांबड्या पेशी आकाराने लहान आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ४ टक्क्यांच्या वर, एवढ्यावर मायनरचं (म्हणजे जीनमध्ये दोष आहे, पण सहसा आजार नाही) निदान बहुतेक वेळा होतं. जोडीदाराचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर विषय सहसा तिथेच संपतो. लोह कमी असेल तर एचबीए२ खोटं कमी दिसू शकतं. काठावरच्या अशा रिपोर्टला डॉक्टर जीन टेस्ट सुचवतात.

नवरा-बायको दोघेही मायनर निघाले तर मात्र थांबू नका. प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर (वारंवार रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार) असण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भाची तपासणी साधारण ११व्या-१२व्या आठवड्यापासून होते, आणि त्याआधी दोघांच्या जीनमधला नेमका दोष हाती असावा लागतो. (गर्भाचा नमुना आम्ही घेत नाही. ते काम पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) नोंदणी असलेल्या केंद्राचं.) फॉर्मवर समाज आणि मूळ गाव विचारतो त्याचा राग मानू नका. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत हिमोग्लोबिनच्या जीनमधला ६१९ बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा गळालेला असण्याचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे आधी कुठे शोधायचं ते कळतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका न सांगितलेल्या गोष्टीमुळे. मूल पांढरंफटक पडतं, हॉस्पिटलात रक्त चढवतात, आणि पुढच्या आठवड्यात आईवडील एचपीएलसीला घेऊन येतात. त्या नमुन्यात निम्मंअधिक रक्त दात्याचं असू शकतं. रिपोर्ट छान दिसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा कोसळतं. तांबड्या पेशी १२० दिवसांपर्यंत जगतात, म्हणून रक्त चढवल्यावर एचपीएलसीसाठी किमान तीन महिने जाऊ द्यावे लागतात. शक्य असेल तर बाटली लावण्याआधीच जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये (रक्ताच्या नळीत) दोन मिली रक्त काढून ठेवायला डॉक्टरांना सांगा. राहून गेलं असेल तर आधी आईवडिलांची एचपीएलसी करा, बरंचसं उत्तर त्यातच मिळतं. तरीही शंका उरली तर मुलाची जीन टेस्ट. तिचा डीएनए पांढऱ्या पेशींतून घेतात, म्हणून दात्याच्या रक्ताचा अडथळा फारसा येत नाही.

लग्न ठरलेल्या जोडप्यांनी एकत्रच यावं. नमुना घरी येऊनही घेतो, उपाशीपोटी असण्याची गरज नाही. जुने रिपोर्ट आणि रक्त चढवल्याची तारीख सोबत ठेवा.