पियानो गोव्यात, पियानोवादक व्हिएन्नात

पणजीत कुणा पियानोवादकाची मैफल जाहीर झाली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : गोंयकाराच्या रक्तातच संगीत! ऐकायला बरं वाटतं. पण मग गोव्यानं व्हायोलिनवाले ढिगानं दिले आणि मंचावर एकट्यानं दीड-दोन तास पियानो वाजवणारे बोटांवर मोजण्याइतकेच, हे कसं? याचं उत्तर शाळा, पैसा आणि हवा या तिघांत मिळून आहे.

शाळेपासून सुरुवात करू. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून पॅरिश शाळा निघाल्या. प्रार्थनेसाठी गाणारी-वाजवणारी मुलं हवी होती, म्हणून चर्चचा संगीतशिक्षक गावच्या पोरांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सा-रे-ग-म, घोकायला लावी आणि हातात व्हायोलिन देई. त्यामुळे जमीनदाराच्या जागेत राहणाऱ्या कुळाचा, म्हणजे मुंडकाराचा मुलगाही कागदावरची स्वरलिपी घडाघडा वाचू लागला. विसाव्या शतकात हीच मुलं व्हायोलिन बगलेत मारून मुंबईला गेली. हॉटेलांतले बँड, सिनेमाचे ऑर्केस्ट्रा यांत त्यांना काम मिळालं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीत-संयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातलीच मंडळी. त्याच मुंबईनं केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांनाही मोठं केलं. गोव्याचं संगीत पोटासाठी बाहेर पडलं, मग ते देवळाजवळचं असो की चर्चमधलं.

पियानो मात्र बगलेत मारून नेता येत नाही. तो राहिला भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या वाड्यात. लोटली, चांदर अशा गावांतल्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत एकोणिसाव्या शतकात पियानो आले. त्यावर वॉल्ट्झ नाचाच्या धून वाजत, मांडो ही कोकणी प्रेमगीतं गाताना साथ होई. वाजवणाऱ्या बहुधा घरच्या मुली. फ्रेंच, भरतकाम आणि पियानो हे चांगल्या घरच्या मुलीचं शिक्षण. लग्न झालं की त्याचं काम संपलं. त्यांतल्या कितीतरी जणींच्या हातात खरी तयारी असणार, पण तिकीट लावून वाजवणं घराण्याला शोभलं नसतं. ज्याला वाजवून पोट भरायचं होतं त्याच्याकडे पियानो नव्हता, आणि जिच्याकडे पियानो होता तिला कुणी मंचावर जाऊ दिलं नाही. मला तरी हेच मूळ कारण वाटतं.

त्यात या पेशाची वाट अरुंद. एकट्यानं पूर्ण कार्यक्रम वाजवायची प्रथा युरोप गाजवणाऱ्या पियानोवादक लिस्टनं 1840 च्या सुमारास रूढ केली. पाठ करून वाजवण्याची रीत त्यानं आणि त्याच काळातली पियानोवादक क्लारा शूमन हिनं पाडली, आणि तेव्हापासून वादकाला तासातासाचं संगीत डोक्यात ठेवावं लागतं. पुढं स्पर्धांचं युग आलं : 1927 मध्ये वॉर्सोची शोपँ स्पर्धा, 1958 मध्ये मॉस्कोची चायकोव्स्की स्पर्धा. तिथं वयाची अट असते आणि तिशीनंतर बरीच दारं बंद होतात. म्हणजे पाच-सहाव्या वर्षी सुरुवात आणि विशीच्या आत मोठे गुरू गाठणं आलं.

गोव्यातलं मूल शिकतं ते उभ्या, भिंतीला टेकलेल्या पियानोवर. मैफलीचा मोठा, आडवा ग्रँड पियानो वेगळाच. 1821 मध्ये एरार या पियानो बनवणाऱ्यानं अशी यंत्रणा काढली की पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. ग्रँडमध्ये ती आहे, उभ्यात नाही. घरी बसवलेला वेगवान तुकडा हॉलमध्ये बोटांखाली निराळाच लागतो, तो यामुळे.

आणि आपली हवा! पियानोत सव्वादोनशेच्या वर तारा, त्यांचा एकूण ताण 15 ते 20 टन, आणि खाली आवाज घुमवणारा ध्वनिफलक स्प्रूस या हलक्या लाकडाचा. पावसाळ्यात तो फुगतो, सूर चढतात, उन्हाळ्याकडे उतरतात. पट्ट्या अडकतात, तारांना गंज धरतो, हातोड्यांवरच्या लोकरी फेल्टला कसर लागते आणि वाळवी तर आहेच. इंग्रज कारखानदार उष्ण देशांसाठी पितळी स्क्रूंनी आवळलेले खास पियानो बनवत, कारण नुसत्या सरसानं चिकटवलेले जोड इथं टिकत नसत. घरोघरचा उपाय साधा : आत एक मंद बल्ब पेटता ठेवायचा.

संस्था उशिरा आल्या. आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये पणजीत संगीत अकादमी काढली. मुक्तीनंतर 1970 मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि पाश्चात्त्य संगीताचा विभाग तिच्यात आला. पणजीतच कांपालला वास्तुकार चार्ल्स कोरियांनी उभारलेल्या तिच्या इमारतीतल्या मुख्य नाट्यगृहाला नाव दीनानाथ मंगेशकरांचं. म्हणजे शोपँ ऐकायला जायचं तेही मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्याच दारातून, हे मला फार आवडतं. मुलं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा देतात, आठवी ग्रेड पार करतात. पालकांना ते प्रमाणपत्र पुरतं, आणि बहुतेकांचा पियानो दहावी-बारावीच्या वर्षात मिटतो.

पियानोवादकांचं नाव झालं ते बाहेर. नोएल फ्लोरेस व्हिएन्नात वाजवत आणि शिकवत राहिले. मुंबईच्या मारियालेना फर्नांडिस यांनीही तेच शहर धरलं. लंडनचे कार्ल लुचमायर मूळ गोंयकार घरातले. ते भारतात येतात, आधी रचना समजावून सांगतात आणि मग वाजवतात. इथं राहिलेला पियानोवादक शिकवण्या, चर्च आणि लग्नं यांवर जगतो. आलेल्या पाहुण्याला वाजवावं लागतं ते हॉलमध्ये जो पियानो असेल त्यावर, आणि तो सुरात लावणाराही बरेचदा मुंबईहून बोलवावा लागतो.